करवतीवर शनिवारी

डोंगर चढताना सासूबाईंच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं सासरेच असायचे. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला. डॉक्टरांनी नवे बसवले आणि बजावलं, चाला, फिरा, जिने चढा, पण कड्याचं नाव काढायचं नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, सिग्नल लाल म्हणजे लाल. त्यांनी बूट पुसून माळ्यावर टाकले. सासूबाई पडदे शिवायच्या कारखान्यात जात राहिल्या, आणि घरात डोंगराचा विषय निघाला की दोघांपैकी कुणीतरी पाणी प्यायला उठायचं.

अशा घरात भिंगरी सून म्हणून आली. नाव अर्थातच दुसरं होतं, पण बाई एका जागी बसेल तर शपथ, म्हणून नवऱ्याने लाडाने ठेवलेलं हे नाव सगळ्या घराने उचललं. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि संध्याकाळी व्यायामशाळेतल्या चढाईच्या भिंतीवर पालीसारखी चिकटलेली असायची. लग्नाला दोन महिने झाले तेव्हा सासूबाई "सहज बघायला" म्हणून तिथे आल्या, कुणाचे तरी बूट मागून घेतले, आणि सुनेच्या डोळ्यांदेखत तिच्यापेक्षा चार हात वर गेल्या. तिथून दोघींचं जे मेतकूट जमलं, ते बघून नवरा म्हणायचा, "लग्न नक्की कुणी केलंय, मी की आईने?" त्याला स्वतःला स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटला तरी हाताला घाम सुटायचा.

या उन्हाळ्यात दोघींनी करवत चढायची ठरवली. करवत म्हणजे डोंगराची एक लांबलचक धार, दातांसारख्या सुळक्यांची. सासूबाई सासऱ्यांबरोबर दोनदा तिच्यावरून अर्ध्यातूनच परत आल्या होत्या. एकदा बर्फ आडवं आलं, एकदा गुडघा. आता कारखान्याला सुट्टी होती, भिंगरीला दुकानातून शनिवार-रविवार मोकळे मिळाले होते, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या निवाऱ्यात दोन रात्रींची जागाही मिळाली होती. प्रश्न एवढाच होता की करवत शनिवारी चढायची की रविवारी.

एवढाच म्हणायचं खरं. उन्हाळ्यात त्या डोंगरांवर वादळं उठायची, आणि करवतीवर लपायला जागा नव्हती. एकदा धारेवर चढलं की मध्यावरच्या खिंडीतून एक घळ खाली उतरे, तेवढीच पळवाट. खिंडीच्या पुढे गेलात तर माथा गाठूनच सुटका. तिथे विजेने गाठलं तर माणूस म्हणजे छपरावर उभा केलेला खिळाच.

गुरुवारी जेवणं झाल्यावर ताटं बाजूला सारून सगळं घर टेबलाभोवती बसलं. नवऱ्याने मोबाईल पुढे केला. शनिवारच्या चौकटीत काळा ढग, त्यातून पिवळी वीज, आणि खाली साठ टक्के. रविवारी ढगाआडून डोकावणारा सूर्य आणि तीस टक्के.

"झालं तर मग," तो म्हणाला. "रविवारी जा. यात डोकं चालवायचं काय?"

"माझंही तेच मत," सासरे म्हणाले. त्यांनी हवामान खात्याचं पत्रक छापून आणलं होतं, दोन निरनिराळे नकाशे आणले होते, आणि चष्मा कपाळावर चढवून ते सगळं उलटसुलट चाळत होते. गेले चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं. चेहऱ्यावर अशी तरतरी भिंगरीने त्यांच्या कधी पाहिली नव्हती.

भिंगरीने मोबाईल ओढून घेतला आणि चित्रावर बोट दाबून तासातासाचे आकडे उघडले. शनिवारी पहाटेपासून शून्य, शून्य, शून्य. दुपार झाली की आकडा एकदम उडी मारून साठावर. रविवारी मात्र उडी कुठेच नाही. पहाटे तीस, सकाळी तीस, दुपारी तीस, रात्रीही तीस.

"बाबा, हे रविवारचे तीस असे दिवसभर सपाट का पसरलेत?"

सासऱ्यांनी चष्मा खाली घेतला. "रविवारचं वादळ पाहुणं आहे. लांबून येतंय, गार हवा घेऊन. शनिवारचं घरचं आहे. ऊन तापतं, दमट हवा वर चढते, दुपारी उकळी फुटते."

"म्हणजे शनिवारचं वेळेवर येतं."

"साधारण."

"आणि पाहुणा?"

"पाहुणा कधी सांगून येतो का? या नकाशात तो संध्याकाळी येतोय. या दुसऱ्यात सकाळच्या चहालाच हजर."

भिंगरी ताडकन उठली. तिला बसून विचार करता येतच नसे. टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये ती दोन चकरा मारून आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "मग हे तीस म्हणजे पाऊस कमी असं नाहीच! तो कधी येईल ते त्यांना माहीत नाही, असं आहे. शनिवारचे साठ मोठे दिसतात, पण ते सगळे दुपारचे आहेत. दुपारी आपण धारेवर कशाला असू? उजाडता उजाडता चढायला लागलो तर ढगांना जाग यायच्या आत माथ्यावरून खाली!"

"साठ टक्के आहेत, बाई," नवरा कळवळून म्हणाला.

"डोळे तपासताना मी लोकांना नुसतं मोठं अक्षर नाही वाचायला लावत. खालची बारीक ओळही वाचायला लावते."

सासऱ्यांनी पुन्हा नकाशे चाळले. मग हळूच म्हणाले, "पोरी, तुझं चुकत नाहीये. मी स्वतः जाणार असतो तर शनिवारच म्हटलं असतं. पण मी इथे खुर्चीत बसणार. त्या विजेच्या चित्राकडे बघत घरी बसवत नाही गं."

इतका वेळ सासूबाई सफरचंद कापत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "शनिवार. पण एका अटीवर. खिंडीत पोचल्यावर ढगांकडे बघायचं. रुंदीपेक्षा उंची जास्त दिसली तर मुकाट्याने घळीने खाली. रडायचं नाही, भांडायचं नाही."

शुक्रवारी संध्याकाळी त्या निवाऱ्यात पोचल्या, तर सगळी मंडळी रविवारची तयारी करत होती. कोपऱ्यातल्या दोन दाढीवाल्यांपैकी एकाने त्यांना पहाटेची न्याहारी सांगताना ऐकलं आणि विचारलं, "उद्या? अहो मावशी, विजेचं चित्र नाही का बघितलं?"

"बघितलं की. छान काढलंय," सासूबाई म्हणाल्या आणि बुटांच्या नाड्या तपासायला लागल्या.

भिंगरीचा डोळ्याला डोळा लागला तो जेमतेम. सहलीच्या आदल्या रात्री पोरं करतात तशी ती दोनदा उठून पिशवी तपासून आली. उजाडायच्या सुमाराला त्या धारेच्या पायथ्याशी होत्या, दोर बांधलेला, डोक्यावर हेल्मेट, आणि वर आकाश असं स्वच्छ की बोटाने वाजवावं तर खणखणेल.

मग काय विचारता! दगड कोरडा, खरखरीत, हाताला पकडून ठेवणारा. पहिला दात, दुसरा दात. भिंगरी पुढे जायची, कपारीत अडकवणी, म्हणजे धातूची घट्ट बसणारी खुंटी, बसवायची, दोर त्यातून ओवायची आणि हाक मारायची, "या आई!" सासूबाई यायच्या त्या अजिबात घाई न करता, शिवणीवरून टाके घालावेत तसं एकेक पाऊल टाकत. दोन्हीकडे खोल दरी. डावीकडे सावली, उजवीकडे ऊन. एका ठिकाणी धार इतकी अरुंद होती की घोड्यावर बसल्यासारखं बसून सरकावं लागलं, आणि तिथे बासष्टीच्या सासूबाई चक्क "चल रे घोड्या" म्हणाल्या. दोघी हसत सुटल्या. पाय दोन दऱ्यांत लोंबकळतायत आणि हसू आवरत नाही, अशी अवस्था!

खिंडीत पोचल्या तेव्हा सकाळ अजून उरली होती. ठरवलेल्यापेक्षा लवकरच आल्या होत्या. पण समोरच्या डोंगरावर एक ढग उभा होता.

पांढराशुभ्र, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. तो इतक्या लवकर यायला नको होता. घळ पायाशीच होती. माथा डोक्यावर होता, आणखी दोन दात चढले की झालं.

"आई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस." सासूबाई माथ्याकडे बघतच नव्हत्या, मुद्दाम पाठ करून बसल्या होत्या. "मी तिसऱ्यांदा आलेय इथे. मला तो ढग उशीएवढा दिसतोय. माझ्या मताला आज कवडीची किंमत नाही. तू बघ."

भिंगरीने खडकाच्या एका टोकाशी डोळा लावला, जणू दुकानातलं यंत्रच, आणि त्या टोकाच्या रेषेत ढगाचा शेंडा धरला. शेंडा वर आला. आणखी वर आला. मग तो थांबला. बघता बघता शेंडा चपटा होऊन बाजूंना पसरला, आणि कडा विरायला लागल्या. शेजारी दुसरा गड्डा उठला, तोही तितक्याच उंचीवर चपटा झाला.

तिने सासऱ्यांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"रडार कोरं आहे," ते म्हणाले. "पण ते पडलेला पाऊस दाखवतं, ढगाच्या मनात काय आहे ते नाही दाखवत. तुला काय दिसतंय?"

तिने सांगितलं.

"चपटे होतायत ना? म्हणजे वर उबदार हवेचं झाकण आहे. खालची वाफ त्यालाच धडका देतेय." श्वासाचा आवाज आला. "झाकण कधी उडेल ते मात्र मी इथून सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकत."

"बाबा, माथा तासाभराच्या आत आहे. पलीकडचा उतार गवताचा. रुंद झालेत ढग, उंच नाही. मी जाते म्हणतेय."

"मग फोनवर काय बोलत बसलीस? पळ!"

त्या पळाल्या, म्हणजे दोराने बांधलेली माणसं जितकी पळू शकतात तितक्या. पहिला दात भर्रकन झाला. शेवटच्या दातावर भिंगरी वर पोचली, सासूबाई निम्म्यावर आल्या, आणि दोर एका भेगेत असा रुतला की ना पुढे ना मागे. सासूबाईंना ते दिसत नव्हतं. त्यांनी पुढचं पाऊल उचललं, आणि त्यांच्याकडचा दोर ढिला पडून लोंबायला लागला. आता त्या घसरल्या असत्या तर थेट त्या लोंबत्या दोराच्या टोकापर्यंत.

"आई, थांब! हलू नकोस! आहे तिथेच चिकटून राहा!"

सासूबाई पुतळ्यासारख्या थांबल्या. भिंगरी स्वतःला खडकाशी जखडून पोटावर आडवी झाली, हात लांबवला, दोराला एक हिसडा, दुसरा हिसडा, आणि तिसऱ्याला तो सुटला. तिने ढिला दोर सरसर ओढून घेतला. "या आता!"

सासूबाईंचं हेल्मेट कडेवर दिसलं, मग चेहरा. "काय गं, अहो-जाहो खालीच राहिलं वाटतं?"

"अय्या, आई, चुकून..."

"चुकून कसलं! माझ्या आईनंतर असं कुणी ओरडलं नव्हतं माझ्यावर. बरं वाटलं."

आणि त्या माथ्यावर होत्या. सासूबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, सगळ्या करवतीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि काही बोलायला गेल्या तर हुंदका आणि हसू एकदमच बाहेर आलं. भिंगरीने त्यांना घट्ट मिठी मारली. हेल्मेटवर हेल्मेट टणकन आपटलं.

सासूबाईंच्या खांद्यावरून तिला तो ढग दिसला. झाकण उडालं होतं. उतू जाणाऱ्या दुधासारखा पांढरा लोट सरळ वर चालला होता, रुंदीच्या दुप्पट, बुडाशी शाईसारखा निळा.

"आई, मागे वळून बघू नका. चला फक्त."

पेढा-पाणी, फोटो, काही नाही. गवताचा उतार त्या गुडघे सांभाळत, काठ्या टेकत, शेवटी तर चक्क धावत उतरल्या. पहिला गडगडाट झाला तेव्हा माथा बराच वर राहिला होता. निवाऱ्याकडे वळणाऱ्या झाडीजवळच्या पायवाटेला लागल्या तेव्हा गारांनी गाठलं. हेल्मेटवर ताशा वाजावा तसा आवाज होत होता. मागे, करवतीवर, वीज कडाडली आणि क्षणभर सगळे दात काळेकुट्ट उठून दिसले. आपला अंदाज बरोबर ठरला, पण किती थोडक्यात, हे भिंगरीला तेव्हा कळलं. दोर रुतला तिथे आणखी थोडा वेळ गेला असता तर? तिने तो विचार तिथेच टाकला आणि सासूबाईंचा हात धरून पळत सुटली. निवाऱ्याच्या दारात दोघी नखशिखांत भिजून, मोठ्याने हसत शिरल्या. दाढीवाल्याने गरम चहाचे दोन पेले पुढे केले.

रविवारी पाहुणा सकाळच्या चहाला आला. खिडक्यांची तावदानं हादरत होती, आणि दाढीवाले दोर गुंडाळून पत्ते खेळत बसले होते. सासूबाईंनी त्यांच्यात बसून तीन डाव जिंकले.

संध्याकाळी घरी पोचल्या तर सासरे दारातच उभे. त्यांनी आधी भिंगरीचे खरचटलेले हात पाहिले, मग बायकोचा उन्हाने भाजलेला चेहरा.

"आता मला पहिल्या दातापासून सांगा," ते म्हणाले. "एकही गाळायचा नाही."

मग जे सुरू झालं! दोघी एकमेकींचं बोलणं तोडत होत्या, टेबलावर काटे-चमचे मांडून सुळके उभे करत होत्या. दोन दात उलटसुलट लागले म्हणून वाद झाला. घोड्यासारखं बसायच्या जागेपाशी सासरे ओरडले, "ती? तीच का गं, जिथे तू माझी टोपी दरीत पाडलीस?" सासूबाई म्हणाल्या, "मी नाही, वाऱ्याने पाडली." पाणी प्यायला कुणीच उठलं नाही. नवरा मात्र घामेजलेले तळवे पँटला पुसत, दर दोन वाक्यांनी विचारत होता, "आणि खाली काय होतं? नको, नको, सांगू नका. किती खोल होतं?"