मागचा डावा पाय

माझी उणीव ताईने निवडली. मी स्वतःच निवडणार होतो, पण ती म्हणाली, "तुझ्यावर सोडलं तर तू खरी सांगशील."

खरी उणीव घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला शंका येतात. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात हसून "काय, बरा आहेस ना?" म्हणाले, की त्यांना माझ्याबद्दल काय कळलंय याचा मी दिवसभर विचार करतो. घरात मला शंकासुर म्हणतात. भावजींच्या फोनमध्ये माझा नंबरही त्याच नावाने आहे. मी एकदा तपासलं, कारण तशी शंका आली होती.

"मुलाखतीत उणीव विचारतातच," ताई म्हणाली. "अशी सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, अरेरे, ही आपल्यात का नाही! तू सांगायचं, माझ्या नजरेतून बारीकशी चूकही सुटत नाही, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"ही उणीव कुठाय? ही बढाई झाली."

"म्हणून तर चेहरा पाडून सांगायची."

मी चेहरा पाडून सांगितली. भावजी सोफ्यावरून बघत होते. "आणखी पाड," ते म्हणाले. "हां, आता जमलं. आता एकतर नोकरी देतील, नाहीतर डॉक्टरचा पत्ता."

भावजींना माझ्या नोकरीत रस होता आणि नव्हताही. त्यांचं वापरलेल्या गाद्यांचं दुकान आहे. ही नोकरी हुकली तर सोमवारपासून मी दुकानात बसायचं, असं जेवताना ठरलं होतं. ठरलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे माझी संमती धरली गेली. दुकानाचा नियम एकच. गिऱ्हाइकाने गादीवर हात फिरवत "हा डाग कसला हो?" असं विचारलं, की आपण खिडकीबाहेर बघायचं. मी एक दिवस बसून पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत मान अकडली. ज्या गादीबद्दल मला सगळ्यांत जास्त शंका होती ती एका नव्याने घर मांडणाऱ्या जोडप्याने नेली. दोघं जाताना मला "थँक्यू" म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तेव्हा काहीही करून ही नोकरी मिळायला हवी होती.

कंपनी खुर्च्यांची आणि जागा तपासनिसाची. तयार माल बाहेर पडण्याआधी नीट बघायचा, एवढंच काम. तिथे पोचलो तर उमेदवारांना बसायला बाहेर बाक होता. खुर्च्यांच्या कंपनीत बाक! ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. माझ्या आधीचा उमेदवार बाहेर आला तो एका हाताने कंबर धरून. मी विचारलं, "काय विचारतात?" तर म्हणाला, "काही नाही, सगळं छान आहे," आणि जिन्याकडे पळाला. हेही टिपलं.

आत टेबलापलीकडे तिघं होती. मधोमध टाय लावलेले मॅनेजर. त्यांच्या डावीकडे भरती बघणाऱ्या बाई, हातात प्रश्नांचे कागद. उजवीकडे कंपनीचे म्हातारे मालक, हाताची घडी, डोळे मिटलेले. ते झोपले होते किंवा झोपल्याचं दाखवत होते. मी दुसरं धरून चाललो.

"बसा," बाई म्हणाल्या.

मी बसलो आणि खुर्ची मागे झुकली. डुग.

मी पुढे सरकलो. डुग.

मी जागच्या जागी थिजलो. इथे खरी मुलाखत सुरू झालेली होती आणि तोंडी प्रश्न नुसते दाखवायला होते, हे माझ्या लगेच लक्षात आलं. खुर्ची मुद्दाम ठेवलेली होती. आता बोललो, तर आल्या आल्या त्यांच्या मालाला नावं ठेवणारा उद्धट माणूस. नाही बोललो, तर कसला तपासनीस! तिसरी शक्यता अशी, की खुर्ची ठीक असून मीच वाकडा बसतो, आणि त्यांना तेच बघायचं आहे. मी उजव्या मांडीवर भार टाकून खुर्ची तोलून धरली आणि चेहरा प्रसन्न ठेवला.

"स्वतःबद्दल सांगा."

सांगितलं. शिक्षण सांगून होईपर्यंत मांडी भरून आली. आवडीनिवडींपाशी पाय थरथरायला लागला.

"पाणी घ्या ना," मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. तीन माणसं आणि ग्लास एकच. मी घेतलं नाही.

"टेन्शन आलंय का?" बाईंनी माझ्या गुडघ्याकडे बघत विचारलं.

"नाही मॅडम, उत्साह आहे."

"एकाच पायात?"

"तो आधी उत्साहित होतो."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मालकांचा एक डोळा किंचित उघडून मिटल्यासारखा वाटला. मग बाईंनी कागद उलटला आणि तो प्रश्न आला.

"तुमची एखादी उणीव सांगा."

मी शिकवल्याप्रमाणे चेहरा पाडला. "माझ्या नजरेतून बारीकशी चूकही सुटत नाही," मी खोल आवाजात म्हणालो, "आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय मला..."

मांडीने दगा दिला. डुग.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मालकांनीही, दोन्ही डोळ्यांनी. मग तिघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले. मॅनेजर तर चक्क खिडकीबाहेर बघू लागले.

"चैन पडत नाही," मी वाक्य पुरं केलं.

"वा," बाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "आज हे बऱ्याच जणांनी सांगितलं. एखादा प्रसंग सांगाल? अशी चूक तुम्ही कधी पकडलीत?"

ताईने प्रसंगही तयार करून दिला होता. त्यात मी होतो, एक गोदाम होतं आणि शेवटी साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड उघडलं. पण मॅनेजर अजून खिडकीबाहेरच बघत होते, आणि त्या मानेचा कोन माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मला ते जोडपं आठवलं.

"ही खुर्ची डुगडुगते," मी म्हणालो. "मागचा डावा पाय आखूड आहे. ही परीक्षा आहे हे मला आल्यापासून माहीत आहे. ग्लासाचंही माहीत आहे."

"ग्लासाचं काय?" मॅनेजर दचकले.

"तुम्हीच सांगा."

"अहो, पाणी आहे ते!" त्यांनी घाईने ग्लास उचलून घटाघटा पिऊन दाखवला. मग टाय सारखा करत म्हणाले, "आणि खुर्चीचं म्हणाल, तर जमीन खालीवर असेल. आमच्या मालात असं निघत नाही."

"जमिनीचा दोष असेल तर तो जागेवर राहील. खुर्चीचा असेल तर खुर्चीबरोबर फिरेल." मी उठलो, खुर्ची जागच्या जागी अर्धी फिरवली आणि उलटा, त्यांच्याकडे पाठ करून बसलो. "आता बघा. तोच पाय."

डुग.

भिंतीकडे तोंड करून बसल्यावर मागे काय चाललंय हे कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे फार जड जातं. मग बाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"माझीही डुगडुगते."

मी वळलो. बाई वाकल्या आणि त्यांनी आपल्या खुर्चीखालून कागदाची घट्ट घडी ओढून काढली. मुलाखतीच्या प्रश्नांचा जुना कागद होता. घडी निघाल्याबरोबर बाई मागे कलल्या. डुग.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मॅनेजर म्हणाले.

"माल बघणं तुमच्याकडे आहे, साहेब. मला वाटलं, तुम्हाला माहीत असून तुम्ही गप्प आहात. म्हणजे त्यामागे काहीतरी असणार."

"हो, म्हणजे..." मॅनेजरनी आपल्या बुडाखाली, मागच्या डाव्या कोपऱ्याकडे हात घातला आणि व्हिजिटिंग कार्डांची चळत वर आणली. सगळी त्यांचीच. "मी इथे लागलो त्या दिवशी ही खुर्ची मिळाली. मला वाटलं, मालक बघतायत, हा तक्रार करणारा निघतो का. एवढी वर्षं मी या परीक्षेत पास होत आलो होतो."

आता सगळे मालकांकडे बघायला लागले. मालकांनी सावकाश हाताची घडी सोडली. वाकले, चाचपडले आणि चपलेची एक झिजलेली टाच टेबलावर ठेवली.

"मला वाटायचं, माझाच मणका वाकडा आहे," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"डॉक्टर झाले, मालिश झाली, पट्टा झाला, शेवटी मणक्याला आधार म्हणून ही टाच. घरी सरळ बसतो, इथे आलो की कलतो. बायको म्हणाली, कामाचा ताण आहे, काम कमी करा. म्हणून तर मी डोळे मिटून बसतो."

मग त्यांनी मॅनेजरना चारही खुर्च्या उलट्या करायला लावल्या. चारही खुर्च्यांचा मागचा डावा पाय नखभर आखूड होता. ज्या लाकडी मापावर ठेवून हा पाय कापतात, त्याचंच एक टोक कधीतरी झिजलं असणार, असं मॅनेजर म्हणाले. आम्ही चौघं उभे होतो, कारण बसायला काही उरलं नव्हतं.

"तर तुमची उणीव," मालक माझ्याकडे वळले.

"शंका," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला सारख्या शंका येतात."

"ती सगळ्यांनाच येते, दिसतंय ना. तुमची उणीव वेगळी आहे. आल्यापासून पाय थरथरवत बसलात आणि विचारेपर्यंत बोलला नाहीत." ते टाच हातात फिरवत राहिले. "सोमवारी या. कारखान्याच्या दारापाशी बसायचं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खुर्चीवर आधी तुम्ही. डुगडुगली की तिथल्या तिथे ओरडायचं. शंका मनात ठेवायची नाही. जमेल?"

"सर, ही पण परीक्षा आहे का?"

"बघा, आत्ता लगेच बोललात की नाही!" मालक म्हणाले. पण हो की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ते अजून खटकतं.

बाईंनी सही घ्यायला कागद टेबलावर ठेवला. मी पेन टेकवलं तसं टेबल एका बाजूला दबलं.

"टेबल पण," मी म्हणालो.

"टेबल आपलं नाही," तिघं एका सुरात म्हणाले. "ते बाहेरून आणलंय."

खाली रस्त्यावर आल्यावर ताईला फोन लावला. उचलला भावजींनी. ताईच्या फोनवर भावजी का, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला.

"काय रे, मग सोमवारी दुकान उघडायला येतोयस ना? किल्ली काढून ठेवलीय."

"नाही भावजी. नोकरी लागली."

"खरं सांगतोस? काम काय आहे?"

"बसायचं."

"अरे, बसायचं तर इथेही होतंच की," ते म्हणाले. आवाज थोडा दुखावलेला होता.

"तुमच्याकडे बसून बोलायचं नसतं, भावजी. ती गादी नेली ना त्या दोघांनी, त्यांचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

पलीकडून आधी दार लावल्याचा आवाज आला. मग भावजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या शेजारी कोण उभं आहे?"