स्लेट नॅरोज पुन्हा उभं राहायला लागलेले चार दिवस

स्लेट नॅरोजची खाण बंद झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दोन उन्हाळ्यांत कंपनीने निम्मी घरं ट्रकवर चढवून नेली आणि उरलेली पाडली. आम्ही माणसं कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतभर आणि त्याच्याही पलीकडे पांगलो. गाव म्हणून जे काही उरलं, ते आमच्याच गावच्या एमिल सावचुकने वीस वर्षांपूर्वी इंटरनेटवर सुरू केलेल्या फोरमवर. कोण वारलं, कोणाला नातू झाला, शाळेच्या पायऱ्या सात होत्या की आठ, असल्या साडेतीन लाख नोंदी तिथे आहेत. एमिल गेला आणि ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी विनिपेगमध्ये दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्याने जाण्यापूर्वी एका वहीत सगळं पायरीपायरीने लिहून दिलं होतं, त्याच्यावर माझं चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी फोरम उघडेना. सर्व्हर ज्यांच्याकडून भाड्याने घेतलाय त्यांचा निरोप आला, की डिस्क गेली, नवीन मशीन देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. आदल्या रात्रीचा बॅकअप माझ्याकडे होता, म्हणून मी फारशी घाबरले नाही. मी तीन दिवस रजा टाकली आणि एमिलची वही उघडली.

बॅकअप परत भरायला सात तास लागले. तो मंगळवारी सकाळी पूर्ण झाला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. लोकांनी लिहिलेला मजकूर आत जसाच्या तसा पडलेला असतो, आणि पानावर जे दिसतं ते त्यातून तयार करून ठेवलेलं असतं. मशीन बदललं, फोटोंचे पत्ते बदलले, म्हणजे प्रत्येक नोंद नव्याने बांधणं आलं. ते काम आपोआप चालतं. सगळ्यात नव्या नोंदीपासून सुरू होतं आणि मागे मागे जातं. स्क्रीनवर आकडा सरकत होता आणि खाली लिहिलं होतं, बाकी वेळ चौदा तास.

फोरम मी तसाच उघडून देऊ शकले असते. मजकूर वाचता आला असता, फोटोंच्या जागी मोकळ्या चौकटी दिसल्या असत्या, शोधून काही सापडलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी मी तसं केलं होतं आणि आठवडाभर लोकांच्या तक्रारी निस्तरत बसले होते. या वेळी ठरवलं, दाखवायचं तर सगळं नीटनेटकं. दारावर पाटी लावली, ‘काम चालू आहे, धीर धरा.’

थंडर बेहून रेज बोलियूचा फोन आला. तो शाळेत माझ्या वर्गात होता. आता फोरमवरची भांडणं सोडवतो.

“काय गं अर्लीन, किती वेळ?”

“चौदा तास म्हणतंय.”

“म्हणतंय म्हणजे? तुझा नवरापण पाच मिनिटांत येतो म्हणायचा आणि दोन तासांनी उगवायचा.”

“तू फोन ठेव. मला कामं आहेत.”

दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. वर्ना फेडोरुक. तिचा नवरा अल्विन आमच्या गावात तेलाची गाडी चालवायचा. उणे चाळीसमध्ये घरोघरी मागच्या अंगणात जाऊन घर गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या टाक्या भरायचा. लहानपणापासून मी त्यांना आंटी आणि अंकल म्हणत आले. आता अल्विन अंकल शहाऐंशीचे होते आणि डॉफिनच्या वृद्धाश्रमात होते. त्यांचं विस्मरण बरंच वाढलंय, एवढं मला ऐकून माहीत होतं.

“अर्लीन, मी वर्ना बोलतेय गं. तुला त्रास देत नाही ना?”

“नाही हो आंटी, बोला ना.”

“ते आपलं... पान उघडत नाहीये. माझ्या टॅबलेटचंच काही बिघडलंय का?”

“नाही, सगळ्यांचंच बंद आहे. उद्या दुपारपर्यंत होईल.”

“उद्या दुपारपर्यंत. बरं. मला एक जुनं काही वाचायचं होतं, पण असू दे.”

“सगळं येईल आंटी. एकदमच येईल सगळं.”

“हो हो. माझ्यासाठी घाई नको करूस. बाकीचेही खोळंबलेच असतील.”

बुधवारी सकाळी पाहिलं तर काम थांबलं होतं. मेमरी पुरली नाही आणि दोन लाखांच्या आसपास येऊन मशीनने मान टाकली. वहीत या प्रसंगाबद्दल एमिलने एवढंच लिहिलं होतं, की पुन्हा सुरू कर आणि शिव्या देऊ नकोस. मी पुन्हा सुरू केलं. या वेळी बाकी वेळ एकवीस तास दिसला. दुपारी तो एकोणतीस झाला. नव्या नोंदी दोनचार ओळींच्या असतात, भराभर जातात. जुन्या काळी लोक पानंपानं लिहायचे आणि लग्नाचे अख्खे अल्बम चढवायचे. मागे जावं तसं काम जड होत गेलं.

तीन वाजता आंटींचा फोन.

“झालं का गं?”

“अजून नाही हो. उद्या संध्याकाळ तरी होईल.”

मागून कोणा पुरुषाचा आवाज येत होता, मोठ्याने, काहीतरी विचारत असल्यासारखा. “आले, आले,” असं त्या दुसरीकडे तोंड करून म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, “ठेवते. तू जेवत जा वेळेवर.”

गुरुवारी त्यांचा फोन आला नाही. मला जरा सुटल्यासारखंच वाटलं, कारण सांगायला नवं काही नव्हतं.

शुक्रवारी अकरा चाळीसला आकडा शून्यावर आला. मी एकेक पान उघडून पाहिलं. फोटो, नावं, तारखा, सगळं जागच्या जागी होतं. पाटी काढली. रेजने लगेच लिहिलं, “बाईने गाव उभं केलं!” पुढच्या तासाभरात साठ-सत्तर लोक येऊन गेले. मग आठवण झाली म्हणून मी आंटींना फोन लावला.

“आंटी, झालं बघा! उघडा आता.”

“अगं, अल्विन गेला,” त्या म्हणाल्या. “काल संध्याकाळी.”

पुढच्या बुधवारी मी अंत्यविधीसाठी डॉफिनला गेले. चर्चमधलं आटोपल्यावर खालच्या हॉलमध्ये जेवण होतं. बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी, कोबीच्या पानातला भात, बायकांनी घरून करून आणलेले खजुराचे केक. आंटी दुसऱ्या कोणाला वाढू देत नव्हत्या. शेवटी पानं उठली तेव्हा माझ्या शेजारी येऊन टेकल्या.

“तुला ठाऊक आहे का, अल्विनने फोरमवर आपली फेरी लिहिली होती? फार जुनं आहे ते. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. टाकी कुठे होती, कुत्रं कोणतं, मागच्या दाराने कॉफी कोण द्यायचं.”

मला ते अंधुकसं आठवत होतं. आम्ही सगळ्यांनी कधीतरी वाचलं होतं.

“आठ महिने मी ते रोज दुपारी तीनला त्याला वाचून दाखवायची. तीन वाजले की त्याची उलघाल सुरू व्हायची. कोट मागायचा, टाक्या भरायच्या राहिल्यात म्हणायचा, दाराला धडका द्यायचा. मी वाचायला लागले की बसायचा. प्रत्येक घराशी म्हणायचा, भरली. शेवटचं घर झालं की झोपायचा.”

“आणि त्या दिवसांत?”

“त्या दिवसांत मी आठवून सांगत होते. मला वाटलं होतं मला पाठ आहे. पण घरं मागेपुढे व्हायची गं. तो चिडायचा. म्हणायचा, नाही, आधी मिसेस हालदोर्सनचं, तिथे म्हातारी एकटी आहे, ती गारठेल. मग रडायचा. बुधवारी मी चार घरं गाळली आणि त्याला ते कळलं.” त्यांनी हातातला रुमाल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. “कागदावर उतरवून घ्यायचं कधी सुचलंच नाही. ते तिथे असायचंच ना रोज.”

एकच धागा, म्हणजे एका विषयाखालच्या तेवढ्याच नोंदी, नव्याने बांधायची वेगळी आज्ञा असते. एमिलच्या वहीत ती चौथ्या पानावर आहे. त्याला मिनिटही लागत नाही. आणि तेही नको असेल तर मजकूर मंगळवारी सकाळपासून माझ्यासमोर होता, मी तो फोनवर वाचून दाखवू शकले असते. त्यांनी म्हटलं होतं, एक जुनं काही वाचायचंय. कोणतं, एवढं मी विचारलं नव्हतं.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार नव्हतं. पण मला राहवलं नाही, मी सगळं सांगितलं. अगदी मिनिटाचं कामसुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“एक मिनिट?”

“हो.”

“हे तू मला सांगायला नको होतंस, अर्लीन.”

“आंटी, मला माफ—”

“माफीचं काय गं. तुला कुठे माहीत होतं? मी तरी कुठे सांगितलं? भीड वाटली मला.” त्यांचा आवाज चढला नाही. “पण आत्तापर्यंत मी समजत होते की उपाय नव्हता. त्या समजुतीवर मला झोप लागत होती. आता काय करू?”

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि पाचसहा केकचे तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले.

“निघ आता. अंधार पडायच्या आत वाटेतलं नीपावा गाठ. रस्त्यावर बर्फ आहे.”

मी त्यांना मिठी मारली. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि भांडी घासणाऱ्या बायकांकडे वळल्या.

मार्चमध्ये मी ती फेरी छापून, बांधून त्यांना पोस्टाने पाठवली. पोहोचल्याचं त्यांनी कळवलं नाही. फोरमवर कोण शेवटचं कधी आलं ते मला दिसतं. त्यांच्या नावापुढे अजून डिस्क गेली त्याच्या आदल्या दिवसाची, रविवारची तारीख आहे, दुपारी तीन वाजून चार मिनिटं.