दोडक्याच्या पाच बिया आणि माझे झाकण

मी एक जुना, पत्र्याचा, बिस्किटांचा डबा आहे. हसू नका मित्रांनो! माझ्या झाकणावरचे गुलाब आता पार उडाले असले, तरी एके काळी मला पाहुण्यांसमोर मोठ्या मानाने ठेवत. बिस्किटे तिसऱ्या दिवशी संपली. मग माझ्यात सुया-दोरे आले, मग बटणे, आणि शेवटी कऱ्हाटीच्या एका म्हातारीने माझ्यात दोडक्याचे बी ठेवले. तेव्हा कुठे मी कामाचा झालो.

त्या म्हातारीची लेक वहिदा वरकुट्याला दिलेली. २०१८च्या जूनमध्ये, ईदच्या चार दिवस आधी ती माहेरी आली. आईने मला तिच्या ओटीत ठेवले आणि म्हणाली, "यंदा ईद झाली की दुसऱ्या दिवशी टोकून टाक. लई गोड दोडका हाय."

पुढच्या वर्षी म्हातारी गेली. वहिदाने तिचे वाक्य जिवापाड जपले. त्यातला पहिला शब्द तेवढा सांडला.

आता ईद चंद्रावर चालते. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे येते. दोडका मात्र आहे तिथेच. पहिल्या वर्षी वेल कुंपण ओलांडून शेजारच्या गोजरबाईंच्या गोठ्यावर चढला. मग ईद मे महिन्यात आली. परसात भाजून काढणारे ऊन, आणि ही बाई ईदच्या दुसऱ्या दिवशी मला उघडून उभी! मी आतून किती खडखडलो, पण डब्याचे कोण ऐकतो?

बी टोकायची सून, सबिना. त्यामुळे बोलणीही तिलाच.

"तुझ्या हाताला गुणच न्हाय गं," वहिदा म्हणायची.

"अम्मी, ऊन तरी बघा की!"

गोजरबाई कुंपणावरून सांगायच्या, "वहिदाबी, जूनात मिरगाचा पाऊस पडला की टोका. मिरीग सोडून कुणी दोडका लावतं व्हय?"

"तुमचा मिरीग तुमच्यापाशी. आईनं सांगितलेलं मी मोडायची न्हाय."

२०२३ साली ईद एप्रिलात आली. वेलाला नुसती पिवळी फुले लागली आणि गळून गेली. एक दोडका धरला नाही. शेवटचे फूल गळाले त्या संध्याकाळी वहिदाने मला मांडीवर घेतले. आत पाचच बिया उरल्या होत्या. "माहेरचं आता एवढंच हाय," ती म्हणाली आणि पदराने माझे झाकण पुसू लागली. मला फार वाईट वाटले. या पाच गेल्या की कऱ्हाटीचा दोडका संपला, हे तिलाही कळत होते.

मग २०२४. ईद अकरा एप्रिलला. दुसऱ्या दिवशी वहिदाने झाकणाला हात घातला. ते निघेना. सबिनाने चमचा घातला, चमचा वाकला. लोक म्हणतील गंज धरला. मी म्हणतो, मी दात-ओठ आवळून बसलो होतो.

वहिदाचा मुलगा फारुक याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज आहे. तो म्हणाला, "आणा हिकडं, उद्या उघडून आणतो."

त्याचा तो 'उद्या' दोन महिने चालला. तेवढे दिवस मी नट-बोल्टांच्या डब्यांत बसलो. त्यांना बोलायची रीत नाही, अंगाला ग्रीसचा वास. पण आईच्या शब्दासाठी रोज तगादा लावणारी वहिदा आणि रोज "उद्या" म्हणणारा फारुक यांच्यात मी गप्प फारुकच्या बाजूने होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने हातोडीचा एक ठोका दिला आणि मी उघडलो. पाची बिया ठणठणीत. सबिनाने घाबरत घाबरत टोकल्या. पाची उगवल्या, आणि दीड-दोन महिन्यांत वेल पुन्हा गोठ्यावर!

"आईचा शब्द मोडला आन् पीक आलं," वहिदा गोंधळून म्हणाली. "असं कसं?"

गोजरबाई गोठ्यावरचा दोडका तोडत होत्या. "मोडला कुठं? आवो, तुमची आई सांगून गेली त्या साली ईद मिरगातच हुती! तुमच्याकडनं शिरखुर्मा खाऊन मी घरापतुर भिजत गेले की."

वहिदाने बोटांवर मागची वर्षे मोजली. मग हळूच म्हणाली, "यंदा... आई 'यंदा' म्हणली हुती." तिने सबिनाचा मातीने माखलेला हात आपल्या हातात घेतला. "गुण हाय गं या हाताला. माझ्याच कानाला नव्हता."

पुढच्या वर्षी मार्चअखेर ईद झाली. दुसऱ्या दिवशी वहिदाने सवयीने मला फळीवरून काढले, खळखळवले. आता माझ्यात मूठभर बी आहे. ती स्वतःशीच हसली आणि मला परत फळीवर ठेवून दिले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या डब्यांची हेळसांड करू नका. त्यांच्या झाकणांना वर्षातून एकदा तरी थेंबभर तेल लावत जा. मला मात्र एवढ्यात लावू नका. आधी मिरीग लागू द्या.