अकराव्या ओळीतला शब्द

माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीतली अक्षरं झुरळांनी खाल्ली, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. लाल कापडी पाठ, शंभर पानं आणि आयुष्य फक्त एका वर्षाचं. त्यानंतरची वर्षं मी नुसती पडून काढली. त्यांना आयुष्य कसं म्हणू?

एका आमदारबाईंनी त्या वर्षी सभागृहात जी जी विधेयकं नेली, त्यांची नोंद माझ्यात आहे. विधेयक म्हणजे कायदा व्हायच्या आशेवर घराबाहेर पडलेला कागद. सरकारच्या विधेयकांना ऐसपैस वेळ मिळतो. एकट्या सदस्याच्या विधेयकाला मात्र शुक्रवारची दुपार, तीही दोन-अडीच तास. माझ्यात चार रकाने आखले होते: क्रमांक, नाव, मांडले का, पुढे काय झाले.

बाईंचे लेखनिक माझे धनी. त्यांना सगळे काका म्हणत. लिहायला घेण्याआधी ते माझं पान तळहाताने असं पुसत, जसं शाळेत निघालेल्या लेकराचं तोंड पुसावं. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायला स्टूल मिळावं, असं एक विधेयक होतं. ते लिहिताना काका म्हणाले, "बाई, आधी मला एक धड खुर्ची द्या, मग जगाला स्टुलं वाटा."

"तुम्हाला धड खुर्ची दिली तर तुम्ही झोपाल, काका. मग लिहील कोण?"

असे हसतखेळत दहा क्रमांक भरले. अकरावा आला तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही.

'वापर संपलेल्या खाणींच्या खड्ड्यांना कुंपण घालण्याबाबत.' ते विधेयक एका शिवणकाम करणाऱ्या ताईंमुळे जन्मलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून येताना खाणीत साठलेल्या पाण्याकडे गेली आणि परत आली नाही. ताई समोर बसल्या होत्या, गळ्यात मोजायची फीत तशीच. काकांनी विधेयकाचं नाव लिहिलं. मित्रांनो, इतर ओळी पंख्याच्या वाऱ्यावर क्षणात वाळायच्या. ही ओळ मात्र कितीतरी वेळ ओली राहिली. माझ्या त्या पानाला तेव्हापासून जी ओल आली, ती कुठल्याच उन्हाने गेली नाही.

आता काकांची एक खोड सांगते. शुक्रवारी कोणती विधेयकं येणार, याची यादी आदल्या दिवशीच हाती येई. काका शुक्रवारी सकाळीच तिसऱ्या रकान्यात 'मांडले' असं लिहून मोकळे होत. "होणारच आहे ते आधी लिहिलं, तर बिघडलं काय?" आणि खरंच, आठ शुक्रवार काही बिघडलं नाही.

नवव्या शुक्रवारी बाई तापाने फणफणल्या होत्या. त्यांनी आपल्या वतीने विधेयक मांडायचं काम रीतसर पत्र देऊन दुसऱ्या एका सदस्यांवर सोपवलं. सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे अकराव्या ओळीत लिहिलं, 'मांडले'. दुपारी सभागृहात गदारोळ झाला, कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. अकराव्याची पाळी आलीच नाही. ते सदस्य गावी निघून गेले. काकांना वाटलं, पाळी गदारोळाआधीच झाली असेल. बाई पंधरा दिवसांनी उठल्या, मला उघडलं, तो शब्द वाचला आणि निश्चिंत झाल्या.

कागदाला खरं-खोटं कळत नाही म्हणतात. पण वजन कळतं हो. तो शब्द माझ्या अंगावर दगडासारखा होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ताई यायच्या. "सरकलं का काही पुढं?"

"मांडलंय, ताई. आता चर्चेची पाळी येईल," बाई म्हणायच्या आणि मला त्यांच्यापुढे सरकवायच्या. ताई त्या शब्दावर बोट ठेवायच्या आणि मान हलवून निघून जायच्या. असे तीन महिने गेले.

चौथ्या महिन्यात दुसऱ्या गावात, दुसऱ्या खाणीत, दुसरं मूल गेलं. बाईंनी तडक सभागृहाच्या कचेरीत फोन लावला. अकरावं विधेयक तातडीने चर्चेला घ्या म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, "असं विधेयक मांडलंच गेलेलं नाही."

बाईंनी फोन ठेवला. काका पांढरे पडले. त्यांनी ब्लेड काढलं आणि माझं पान खरवडायला घेतलं.

"काका, हात काढा."

"बाई, माझी चूक... ताईंना दिसायला नको."

"दिसू दे. त्याच्या खाली खरं काय ते लिहा. त्यांना मी सांगते."

पहिल्या तारखेला बाईंनी सगळं सांगितलं. ताई ओरडल्या नाहीत, हेच फार वाईट झालं. त्यांनी पुन्हा त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तिचा गणवेश अजून खुंटीला आहे. रोज घरी गेले की त्याला सांगते, मांडलंय गं तुझं. तीन महिने मी तिला खोटं सांगत होते होय?"

त्या खोलीत त्या वेळी आणखी कुणीतरी उभं होतं, एवढं मला कळलं. माझी पानं वारा नसताना हलली.

बाईंनी विधेयक मांडण्याची सूचना कचेरीत नव्याने दिली. वर्षातला शेवटचा शुक्रवार मिळाला. ताई वरच्या सज्जात बसल्या. बाईंनी भर सभागृहात आधी आपली चूक सांगितली, मग विधेयक मांडलं.

संध्याकाळी काकांनी मला उघडलं. टोपण काढलं, पण पेन टेकवेना. दारात उभ्या ताईंना त्यांनी विचारलं, "झालं ना, ताई? तुम्ही ऐकलंत ना स्वतःच्या कानांनी?"

"ऐकलं. लिहा आता."

काकांनी लिहिलं. वर्ष संपलं आणि मी कपाटात गेले. पुढचा रकाना कोराच राहिला. तो कायदा झाला असेल, तर दुसऱ्याच एखाद्या वहीत लिहिला गेला असेल. मला कुणी सांगितलेलं नाही. या कपाटात कधी कधी एक लहान आवाज विचारतो, "झालं का?" आणि मी गप्प राहते. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी आता सांगणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या वह्या भराल, हजेरी लिहाल, 'केलं' म्हणून सांगाल. म्हणण्याआधी उठून एकदा बघून या. तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी घरी जात असतं, आणि घरी त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं.