शिवणारे रस्ते

पुलाची दुरुस्ती पुढच्या महिन्यात सुरू व्हायची होती. पूल बंद झाला की ट्रक कुठून जातील, हे संगणकावर आधी चालवून बघायचं, हे तिचं काम. त्या दिवशी दुपारी बैठक होती. शाळेच्या गल्लीत ट्रक सोडायचे की नाहीत, ते तिथे ठरणार होतं. त्या शाळेत तिची धाकटी बहीण शिकवत होती आणि शाळेचं फाटक थेट गल्लीत उघडत होतं.

तिने नकाशा उघडला. सगळा हिरवागार. कुठेच कोंडी नाही, कुठेच धोका नाही.

"असं कसं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

हिशोब सगळ्या शहराचा होतो, पण अहवालात तेवढाच भाग येतो, ज्याच्याभोवती आपण रेष ओढतो. मागच्या आठवड्यात साहेबांच्या सांगण्यावरून तिने ती रेष गल्लीच्या मधोमध ओढली होती. त्यात वावगं काही नव्हतं, कारण रेषेला शिवणारे रस्तेही धरायचे, अशी खूण ती नेहमीच करायची. आज तिथे दुसरीच खूण होती: 'फक्त पूर्ण आत असलेले'. आणि गल्ली तर अर्धी आत, अर्धी बाहेर. म्हणून अहवालातून ती सगळीच गेली. केर उंबऱ्याबाहेर ढकलायचा आणि म्हणायचं, घर किती लख्ख!

तिने खूण बदलली. गल्ली परत आली, ती लालभडक होऊन. शेजारचा मोठा रस्ता मोकळा दिसत होता, कारण त्याचा सगळा भार गल्लीने उचलला होता.

खुर्ची मागे ढकलून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"खूण कोणी बदलली?"

साहेबांनी कपातला चमचा ढवळणं थांबवलं नाही. "मीच. काल जरा नीटनेटकं केलं. लाल दिसलं की वरचे लोक बिथरतात."

"नीटनेटकं? शाळाच पुसलीत तुम्ही!"

"अगं, पुसली कुठे? ती आपल्या भागाबाहेर आहे."

"बाहेर कोणी काढली? रेष मी ओढली, कात्री तुम्ही चालवलीत. आणि खाली नाव माझं!"

"आवाज खाली. बैठकीला तासभर उरलाय. तुझं नाव काही कोणी वाचत नाही."

"मग तुमचंच टाका."

चमचा थांबला.

तिने त्यांच्याच टेबलावरचा कीबोर्ड ओढून घेतला, अहवाल उघडला आणि 'तयार करणारी' या शब्दांपुढचं आपलं नाव एकेक अक्षर करून खोडलं. "घ्या. जागा रिकामी आहे. हिरवा नकाशा, खाली तुमचं नाव. उद्या फाटकाशी काही झालं, तर विचारायला येणारे तुमच्या दारात येतील."

साहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. पण एकही कळ दाबली नाही. खिडकीबाहेर कोणी हॉर्न वाजवत होतं, वाजवतच राहिलं.

"किती लाल आहे ती गल्ली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आपल्या डोळ्यांनी बघा."

तिने खूण बदललेला नकाशा त्यांच्या पडद्यावर आणला. त्यांनी बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. लाज होती की नोकरीची भीती, हे तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

"बरं, बरं," ते चुचकारत म्हणाले. "ठेव लेकी, तुझी ती शिवणाऱ्यांची खूण. ट्रक दुसरीकडून न्यायला सांगू."

"लेकी म्हणू नका मला," ती कडाडली. "लेकी त्या फाटकाशी उभ्या असतात."

तिने आपलं नाव पुन्हा टाकलं. रेषही बदलली, गल्लीच्या मधून नाही, शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडून. मग अहवाल छापून घेतला आणि काखेत मारून ती साहेबांच्या पुढे चालत बैठकीला निघाली. राग अजून उतरला नव्हता. तिला तो उतरवायचाही नव्हता. बैठकीत लागणार होता.