पाऊण फाइल पोटात

मित्रांनो, मी रडगाणं गायला आलेलो नाही, भांडायला आलोय! मी एक काळा, जाडजूड, झाकणावर ओरखडे पडलेला लॅपटॉप. माझ्या वयाचे बहुतेक भाऊबंद केव्हाच भंगारात गेले. मीही जवळजवळ गेलोच होतो, आणि तेसुद्धा माझं औषध पाऊण पोटात उतरलेलं असताना. आता सांगा, चिडू नको तर काय करू?

माझी उमेदीची वर्षं चितेगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात गेली. तिथले साहेब रोज सकाळी रुमालानं माझं झाकण पुसायचे. पाहुणे आले की मी मुद्दाम टेबलाच्या मधोमध असायचो. मग पातळ, चंदेरी, मिजासखोर लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथं माझ्याशेजारी पालीनं अंडी घातली, तरी कुणाला पत्ता नाही. शेवटी कारखान्याच्या गेटवर नोकरी करणाऱ्या मल्हाररावांनी साहेबांना विचारलं, "पोरीला शिकायला नेऊ का हा?" साहेब म्हणाले, "न्या, जागा तरी होईल."

इतकी वर्षं राबलो आणि निरोप काय, तर जागा होईल!

मल्हारराव मूळचे पिशोरकडचे. घरची मेंढरं होती, पण दुष्काळात चारा राहिला नाही तेव्हा ते संभाजीनगरला आले. पैठण रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं घर आहे. तिथं दरवर्षी एक नवी इमारत उभी राहते, पाणी मात्र टँकरनंच येतं. त्यांची मुलगी तनुजा नववीत आहे. शाळेत एका संगणकावर चौघी बसतात आणि तनुजाच्या वाट्याला माउस धरलेल्या मुलीची पाठ येते. तिला स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकायचंय. मी घरात आलो तेव्हा तिनं मला चक्क मिठी मारली. कपाटानंतर मिठी! मी विरघळलोच.

पण मला चालवणारी आतली यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, जुनी झाली होती. ती बनवणाऱ्यांनी तिची देखभालच बंद केली होती. मी सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचो, की तनुजाची आई मंजुळाबाई म्हणायची, "हा उठंपर्यंत माझ्या भाकरी थापून व्हत्यात. दिवाळीच्या आवराआवरीत देऊन टाकू भंगारवाल्याला."

"आई, तो ऐकतोय!"

"ऐकू दे की. तसं तरी लवकर उठंल."

शाळेतल्या बाईंनी तनुजाला उपाय सांगितला. एक फुकट यंत्रणा मिळते. जुन्या लॅपटॉपवर ती हलकी चालते आणि बनवणारेच म्हणतात, घ्या आणि दुसऱ्यांनाही द्या. झालं, दिवाळीआधी मला वाचवायचंच असं तनुजानं ठरवलं. फाइल भलीमोठी होती, मोबाईलच्या दिवसभराच्या डेटात न मावणारी, आणि घरातला एकुलता मोबाईल तर मल्हाररावांसोबत गेटवर जायचा. म्हणून ती मला पिशवीत घालून कॉलनीच्या वाचनालयात नेऊ लागली. तिथं मोफत वायफाय होतं. पण लाइन मध्येच तुटायची आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून! रोज तेच! मला इतका संताप यायचा, की माझा पंखा घरघरायला लागायचा.

मग तिला टोरंटची वाट सापडली. या पद्धतीत फाइल एका ठिकाणाहून येत नाही. ज्यांच्याकडं ती आहे त्या अनेकांच्या संगणकांतून तुकड्यातुकड्यानं येते. लाइन तुटली तरी आलेले तुकडे पोटात राहतात. आणि तुम्ही घेत असतानाच तुमच्याकडचे तुकडे पुढच्याला देत असता. तनुजा आनंदानं ओरडलीच, "अगं बाई, हे तर आपल्या गल्लीसारखं!" त्यांच्या गल्लीत टँकर आला की एकच लांब पाइप घरोघर फिरतो. ज्याचा ड्रम भरला, त्यानं पाइप गुंडाळून ठेवायचा नाही, पुढच्या घराच्या हातात द्यायचा. गुंडाळला तर अख्खी गल्ली नावं ठेवते.

वाचनालय सांभाळणारे रामेश्वर सर मात्र नाव ऐकूनच उठून उभे राहिले. "टोरंट? पोरी, ते चोरीच्या पिक्चरांचं असतंय."

"सर, रस्त्यावरून चोर पण जातो अन् तुम्ही पण जाता. ही फाइल बनवणाऱ्यांनीच वाटायला ठेवलीय. हे बघा, लिहिलंय."

सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बरं. पण कुणाला त्रास झाला तर लगेच बंद."

तुकडे भराभर यायला लागले. निम्मी फाइल झाली, पुढं पाऊण झाली! तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली, 'देण्याचा वेग किती ठेवायचा?' तनुजानं क्षणभरही विचार केला नाही. घेतलंय तर द्यायचं, त्यात मोजमाप कसलं? तिनं 'मर्यादा नाही' निवडलं आणि खुशीत मासिकं चाळायला गेली.

मित्रांनो, वाचनालयाची लाइन घ्यायला रुंद आणि द्यायला अगदी अरुंद होती. मी कुठल्या कुठल्या गावांना तुकडे वाटत सुटलो आणि ती अरुंद वाट एकट्यानं अडवून बसलो. पलीकडच्या टेबलावर ज्ञानेश्वरीताई होती. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायला ती रोज यायची. तिला फॉर्मसोबत फोटो पाठवायचा होता.

"सर, नुसतं फिरतंय हो! आज शेवटची तारीख हाय!"

सर टेबलाटेबलापाशी धावले आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांनी फाडकन माझं झाकण मिटलं. ज्ञानेश्वरीताई पळत समोरच्या नेटकॅफेत गेली. तिचा फॉर्म गेला, पण जाताना तिनं तनुजाकडं जे बघितलं, त्यानं माझीही बॅटरी उतरली.

सरांनी वायफाय बसवणाऱ्याला बोलावून टोरंटला कुलूपच घातलं. भिंतीवर पाटी लागली, 'वाचनालयात फाइलींची देवाणघेवाण सक्त मना'. पाऊण फाइल पोटात आणि मी उपाशी! पडद्यावर 'जोडत आहे, जोडत आहे' एवढंच. अरे, जोडतोयस की चिडवतोयस?

तनुजानं सरांची माफी मागितली. "सर, मला वाटलं द्यायला हात आखडायचा नसतो. आता मर्यादा घालते. सकाळी कुणी नसताना लावू का?"

"देणंच बंद कर ना. नुसतं घे."

"सगळ्यांनी तसंच केलं तर घ्यायचं कुणाकडून, सर?"

"लई वाद घालतीस तू." सर खाली बघत म्हणाले, "कुलूप आता माझ्या हातात नाही गं. काढायला वरची परवानगी लागते, तसा वर अर्ज केलाय." वरून उत्तर येईना. तिकडं दिवाळी आली. मंजुळाबाईंनी आवरायला काढलं आणि मला भंगाराच्या ढिगावर ठेवलं, जुन्या कूलरच्या डोक्यावर!

तनुजा मला तिथून उचलून पुन्हा वाचनालयात घेऊन गेली. पण आत न जाता पायरीवरच बसली आणि रडायला लागली. ज्ञानेश्वरीताई बाहेर येत होती.

"काय गं, आता काय बंद पाडलंस?"

"काहीच नाय ताई. ह्यालाच भंगारात देणारेत. पाऊणच फाइल आलीय."

ताई तिच्याशेजारी बसली. तिनं माझा पडदा बघितला. "म्हणजे पावच राहिलीय? एवढी तर माझ्या आजच्या डेटात बसंल. घे हॉटस्पॉट. पण ती द्यायच्या वेगाची चौकट आधी नीट भर."

"किती भरू, ताई?"

"माझं संध्याकाळचं लेक्चर बघायला डेटा उरंल एवढं."

उरलेले तुकडे एकेक करून आले. फाइल पुरी झाली आणि तनुजानं पायरीवरच ती यंत्रणा माझ्यात बसवून मला नवा जीव दिला. दुपारी भंगारवाला आला, तेव्हा मंजुळाबाईंनी त्याला फक्त कूलर दिला.

आता रविवारी तनुजा मला घेऊन त्याच पायरीवर बसते. मुलं घरातले मेल्यासारखे लॅपटॉप आणतात आणि ती पेनड्राइव्हनं त्यांना फाइल देते. परवा रामेश्वर सर बाहेर आले. छातीशी वाचनालयाचाच एक जुना लॅपटॉप धरलेला. इकडंतिकडं बघत म्हणाले, "ह्याच्यात पण टाक. आत नको, आत पाटी आहे." सगळी पायरी हसली. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मित्रांनो, मी मात्र हसलो नाही. एका मुलीनं तोटी जास्त सोडली, तर तिला तोटी फिरवायला शिकवा. नळाचं तोंडच कशाला बुजवता? आम्हा जुन्यांना फेकण्याआधी एकदा विचारा, ह्याला काय हवंय? आणि घेतलेलं पुढं द्या, पण शेजारच्याचं काही अडत नाही ना, तेवढं बघून. कुलूप अजून तसंच आहे, अर्ज अजून वरच आहे, आणि पायरीवर ऊन मी म्हणतंय. या एखाद्या रविवारी. आणि येताना सावलीला छत्री आणा.