पावणेदोन इंचांचे मोजे

सकाळी साडेनऊला कल्याणीचा फोन आला तेव्हा ललिताबाई भाकऱ्या थापत होत्या. कल्याणी म्हणजे त्यांच्या जुन्या हॉस्पिटलातली सिस्टर. ललिताबाईंनी तिथे एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची बारा नवजात बाळांच्या विभागात. निवृत्त झाल्यावर तिथलं एकच काम त्यांनी सोडलं नव्हतं. कमी दिवसांच्या बाळांसाठी त्या लोकरीचे मोजे विणायच्या, गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायच्या आणि पिशवी भरली की कात्रजहून बसने नेऊन द्यायच्या.

"ताई, अगदी लहान मापाचा जोड आहे का एखादा?"

"परवाच दहा दिले की."

"ते मोठे होतात. हिचं पाऊल पावणेदोन इंच आहे. मी पट्टी लावून बघितलं."

ललिताबाईंनी गॅस बारीक केला. "किती दिवसांची?"

"पंचवीस आठवड्यांची. चार दिवस होती काचेच्या पेटीत. सकाळी सातला गेली, ताई."

कल्याणीने मग सगळं सांगितलं. आई अक्षता. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून घाईने सिझेरियन करावं लागलं, आणि तिला अजून खाटेवरून उठू दिलं नव्हतं. तिने मुलीला पाहिलंच नव्हतं. पाहिला होता तो फक्त नवऱ्याने मोबाईलवर काढलेला फोटो. त्यात मुलीचे पाय उघडे होते, एका पायाला ऑक्सिजन मोजायची लाल दिव्याची वायर चिकटवलेली. चार दिवस ती सगळ्यांना एकच विचारत होती, पाय गार पडले असतील ना? वायर आहे म्हणून मोजे घालता येत नाहीत, असं तिला सांगितलं होतं. आज मुलगी गेल्याचं कळल्यावर ती रडली नाही. म्हणाली, आता वायर काढली असेल ना, मग मोजे घाला.

"बाराला नेणार आहेत," कल्याणी म्हणाली.

गेलेल्या बाळासाठी ललिताबाईंनी आजवर कधी विणलं नव्हतं. उरलेलं पीठ झाकून त्या खिडकीशी बसल्या. फिकट पिवळी बारीक लोकर होती, तिचे सोळा टाके घातले. भीमराव, त्यांचे यजमान, पेपर वाचत होते. फोनवरचं त्यांनी ऐकलं होतं, त्यांनी टीव्ही बंद केला. पहिला मोजा पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. दुसऱ्याची टाच वळवेपर्यंत अकरा वाजून गेले.

"चल, बसमध्ये वीण," भीमराव म्हणाले. "तिकीट मी काढतो. तू हात थांबवू नकोस." ते पूर्वी पीएमटीत कंडक्टर होते. त्यांनी कुणाला तरी उठवून बायकोला खिडकीची जागा मिळवून दिली आणि स्वतः लोकरीचा गुंडा हातात धरून दांड्याला टेकून उभे राहिले.

बालाजीनगरला बस अडकली. पुढे कुठला तरी ट्रक आडवा झाला होता. वीस मिनिटं बस जागची हलली नाही. ललिताबाईंनी मान वर केली नाही. पद्मावतीला शेवटचा टाका ओढला, धागा दाताने तोडला. दोन्ही मोजे तळहातावर ठेवले तर तळहात अर्धासुद्धा भरला नाही. स्वारगेटला उतरून रिक्षा केली, तरी हॉस्पिटलचा जिना चढायला साडेबारा वाजले.

कल्याणी दारातच उभी होती. तिचा चेहरा बघून ललिताबाई जिन्यावरच थांबल्या.

"सव्वाबाराला गेले, ताई. मी थांबवलं होतं. पण अक्षताचा दीर म्हणाला, दफनभूमीतला माणूस निघून जाईल."

"मोजे?"

"पांढऱ्या कापडात नेलं. तशीच." कल्याणी जरा थांबली. "आणि अक्षताला मी सांगून बसलेय की एक ताई मोजे घेऊन येतायत. ती वाट बघतेय."

बाळंतिणींच्या वॉर्डात टोकाची खाट अक्षताची होती. शेजारच्या तिन्ही खाटांवर बाळं होती, म्हणून मधे पडदा ओढलेला. अक्षता पंचविशीची असेल. गाऊन छातीशी ओला झालेला. चौथा दिवस, दूध उतरलं होतं. तिने ललिताबाईंकडे पाहिलं आणि कोपरावर उठायला लागली.

"तुम्हीच ना त्या? घातले?"

ललिताबाईंचा हात पिशवीत होता, मोज्यांवरच.

"घातले, बाळ," त्या म्हणाल्या.

"कुठल्या रंगाचे?"

"पिवळे. फिकट."

"सैल नाही ना झाले? गळून नाही ना पडणार?"

"नाही. अगदी मापाचे बसले."

अक्षता मागे टेकली. तिने डोळे मिटले आणि मग रडायला लागली, आवाज न करता, पोटाचे टाके दुखू नयेत म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून. ललिताबाई स्टुलावर बसून राहिल्या.

दीडच्या सुमाराला तिचा नवरा चेतन आला. चपलांना ओली माती लागलेली, म्हणून त्याने त्या दाराबाहेर काढल्या. तो खाटेपाशी आला, तर अक्षताने विचारलं, "मोजे छान होते ना रे? पिवळे?"

चेतनने ललिताबाईंकडे पाहिलं. त्याला त्या कोण हेही माहीत नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला काय कळायचं ते कळलं असावं.

"हो," तो म्हणाला. "पिवळे होते."

ललिताबाई निघाल्या तसा तो त्यांच्यामागे बाहेर आला. जिन्यापाशी त्याने हात पुढे केला. "मावशी, आहेत का ते?"

त्यांनी दिले. त्याने बघितलेही नाहीत, मूठ मिटली आणि खिशात घातली. तो परत दफनभूमीत जाईल, असं ललिताबाईंना वाटलं. खाली उतरल्यावर त्यांनी तिथे थांबलेल्या भीमरावांना तसं सांगितलंही. भीमराव म्हणाले, "माती लोटल्यावर पुन्हा उकरायला कोण बाप धजेल?"

दीड महिन्याने अक्षताचा फोन आला. कल्याणीकडून नंबर घेतला होता. "मावशी, एकदा घरी येता का? चेतन कामावर असताना या."

बिबवेवाडीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. अक्षताने पाणी दिलं आणि आतून एक छोटी प्लास्टिकची पिशवी आणून समोर ठेवली. मोजे आत जसेच्या तसे होते.

"कपडे लावताना सापडले. त्याच्या बनियनांच्या खाली." ती समोर जमिनीवर बसली. "तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"का?"

येताना बसमध्ये ललिताबाईंनी दोन-तीन उत्तरं जुळवली होती, पण त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. "मला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "बस अडकली. मी आले तेव्हा नेलं होतं. चुकलं माझं."

"रोज झोपताना मला तेवढंच होतं, मावशी. की तिचे पाय उबेत आहेत. आता डोळे मिटले की उघडे पाय दिसतात." अक्षताचा आवाज चढला नाही. "तेव्हा खरं सांगितलं असतंत तर झेपलं असतं का, मला माहीत नाही. आता झेपत नाहीये, एवढं माहीत आहे."

"चेतनला विचारलंस?"

"नाही. तो तिचं नाव काढत नाही. नाव ठेवलंच नव्हतं म्हणा." ती पिशवीची घडी करायला लागली. "पण आंघोळीला जाताना तो खण उघडतो आणि नुसता उभा राहतो. मला वाटायचं, कपडे शोधतोय. मला कळलंय हे त्याला सांगितलं, तर त्याचं तेवढंही जाईल."

"मग हे घेऊन जाऊ का मी?"

"नको. त्याला दिसले नाहीत तर?"

ती पिशवी घेऊन उठली. आतल्या खोलीत खण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. ललिताबाई निघण्याच्या विचारात होत्या, तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि चेतन आत आला. त्यांना बघून तो दारातच थबकला.

"मावशी, तुम्ही?"

"इकडे आले होते. म्हटलं, हिची तब्येत बघून जावं."

अक्षता खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिने ललिताबाईंकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "आज लवकर आलास. चहा टाकते."

तिघं चहा प्यायला बसली. चेतनने कपाकडे बघत विचारलं, "विणणं चालू आहे का अजून?"

"चालू आहे," ललिताबाई म्हणाल्या. अक्षताने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला, आणि त्याने, आधीच गोड असलेल्या चहात, आणखी एक चमचा घातला.